दोन इंजिनांची गाडी

काकाजींनी आयुष्यात कधी हॉर्न वाजवला नाही. रस्त्यात गुरं आली, माणूस आला, लग्नाची वरात आली, की ते गाडी थांबवत, खाली उतरत आणि समोरच्याजवळ जाऊन म्हणत, "बाप्पा, जरा बाजूले होता का?" माणूस बाजूला होई, पण त्याआधी सोयाबीनचा भाव, पोरीचं लग्न, विहिरीचं पाणी असं सगळं बोलून होई. मागच्या मोटारसायकलवाल्यांचे भोंगे वाजून वाजून थकत. "हॉर्न म्हंजे दुरून देलेली शिवी," ते म्हणत. "बोलायचं असन तं जवळ जाऊन बोलाव." काकाजी मालेगावच्या पेठेतून बसस्टँडला पोचेपर्यंत एसटी वाशीमला पोचते आणि ड्रायव्हरचा चहाही होतो, असं गावात म्हटलं जाई.

ते माझे घरमालक होते. इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायला मी आले, तेव्हा त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या बघायला गेले होते. भाडं, पाणी, दिवे यांबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. एवढंच विचारलं, "बाई, तुमी उन्हाळ्यात कुठं जाता?" मी म्हटलं, कुठंच नाही, मला जायला कुणी नाही. "मंग ठीक हाय," ते म्हणाले आणि किल्ली दिली. त्या प्रश्नाचा अर्थ मला पहिल्या उन्हाळ्यात कळला.

या पावसाळ्यानंतर काकाजी गेले. आता त्यांच्याविषयी लिहायला बसले की रोज दोन-चार ओळींच्या पुढं जाता येत नाही. घाई करण्याचं काही कारणही नाही.

घरात जागोजागी थर्मामीटर टांगलेली असत. एक फाटकावर, एक गोठ्यात, एक माझ्या खोलीबाहेरच्या भिंतीवर आणि एक दोरीला बांधून विहिरीत सोडलेलं. सकाळी अंघोळ करून लोक देवाला प्रदक्षिणा घालतात तसे ते या सगळ्यांना प्रदक्षिणा घालत. मग काकूंच्या खिडकीशी उभं राहून बातमी देत: "गोठा आज बरा हाय. फाटक बिघडलं हाय. बाईची भिंत खोटं बोलून राह्यली."

काकू आतून म्हणत, "माहा नवरा हवामान खात्यात बिनपगारी नोकर हाय. बाई, तुमी त्यायच्या नादी लागू नका."

काकू बोलायच्या हसत, पण त्या खिडकीला काच होती आणि होळीनंतर ती काच उघडत नसे. त्यांना नसांचा आजार होता. अंग थोडं तापलं की पाय निघून जात, हात लुळे पडत, डोळ्यांपुढं धूर येई. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, औषधं आहेतच, पण खरं औषध थंडावा. म्हणून खोलीत एसी, मागं जनरेटर आणि जनरेटर बंद पडला तर बर्फाची पेटी. हिवाळ्यात काकू काठी धरून अंगणात येत, गाईला चारा टाकत, मेडशीला माहेरी जाऊन येत. उन्हाळा लागला की काकू त्या एका खोलीच्या होऊन जात. उन्हाळ्यात भेटायला येणारी माणसं कमी होत, गावातल्या बायका शेताच्या आणि लग्नांच्या धावपळीत असत. म्हणून घरात उन्हाळ्यात बोलायला कुणी असावं, एवढीच काकाजींची भाडेकरूकडून अपेक्षा होती.

मेडशी मालेगावपासून दूर नाही. सगळा डांबरी रस्ता. पण काकूंचे वडील मे महिन्यात गेले, आणि काकू जाऊ शकल्या नाहीत. मी तेव्हा इथं नव्हते. काकूंनी मला हे एकदाच सांगितलं, डाळीतले खडे निवडता निवडता. "आमच्या बापाले मी पाह्यलंच नाही, बाई. फोनवर रडनं आयकलं. इथं एसीत बसून." पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. आई मात्र होती, खूप म्हातारी, अंथरुणाला खिळलेली, पण जिभेनं धड. दोघी मायलेकींचं फोनवरचं बोलणं माझ्या कानावर पडायचं.

"आई, मरायचं असन तं हिवाळ्यात मरजो."

पलीकडून आजी म्हणत, "काय वो, मी काय ठरवून मरन का? अन् हिवाळ्यात मले मरायचा कटाळा येते, मस्त ऊन असते."

दोघी हसत. काकाजी दारात उभे राहून ऐकत. ते हसत नसत.

गाडीची गोष्ट इथून सुरू होते. गाडी काकूंच्या वडिलांची. काळी, गोल डोक्याची, जाड पत्र्याची, काकूंच्या जन्माच्याही आधीची. मेडशीचे लोक तिला म्हैस म्हणत, कारण रंग तसा, चाल तशी आणि नाल्यात पाणी दिसलं की ती तिथंच बसे. हात चालेनासे झाले तेव्हा वडिलांनी ती लेकीला दिली. काकाजींनी तिचं इंजिन अनेकदा उघडलं, साफ केलं, बसवलं, पण मूळचा एक भाग बदलला नाही. मिळत नसला तर वाट पाहत. दोन-दोन वर्षं वाट पाहिल्याचंही मला माहीत आहे.

नवी एसीची गाडी घ्या, असं त्यांना पुतण्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांनी सांगून झालं होतं. त्यांनी प्रयत्नही केला होता. एका नव्या छोट्या गाडीत काकूंना बसवलं तर सीट इतकी खाली की बाहेर काढताना त्यांचे गुडघे वळेनात. एक मोठी उंच गाडी आणली तर तिच्यात चढायला पाय उचलावा लागे, आणि पाय तर उचलला जात नव्हता. म्हशीचं मागचं दार मात्र रुंद उघडे, सीट खुर्चीच्या उंचीची, सपाट, सोफ्यासारखी. काकाजी काकूंना दोन्ही हातांवर उचलून एका झोकात आत ठेवत. "नव्या गाडीत मानूस घुसते," ते म्हणायचे. "हिच्यात मानूस बसते."

म्हणून त्यांनी ठरवलं: हिलाच थंड करायचं. सासूच्या वेळेला बायको जाईल. उन्हाळा असो, काही असो.

पहिला प्रयत्न वाळ्याचा. आपल्याकडच्या कूलरला असतात तशा वाळ्याच्या ताट्या त्यांनी खिडक्यांना बांधल्या आणि टपावर पाण्याची टाकी ठेवली. गाडी चालली की थेंब थेंब पाणी ताट्यांवर पडे. गाडी पेठेतून निघाली तेव्हा मागं ओली रेघ आणि वाळ्याचा वास. एक किराणावाला दुकानातून ओरडला, "काकाजी, कूलर कितीले देल्ला?" ते थांबले, उतरले, दुकानाशी गेले आणि अगदी गंभीरपणे त्याला म्हणाले, "चालून राह्यला तवर ठीक हाय. उभा राह्यला की भट्टी." तो प्रयत्न त्यांनी स्वतःच नापास केला.

मग शेलूबाजारचा उस्ताद आला. हायवेवर जीपांना आणि ट्रकांना एसी बसवून द्यायचा, तोंडाचा फटकळ, गळ्यात नेहमी ओला टॉवेल. त्यानं बॉनेट उघडलं आणि बराच वेळ नुसतं पाहिलं.

"काकाजी, हे इंजिन हाय का देवघर? याच्यात बल्ब पेटवायपुरता करंट निंगते. एसीचा पंखा कायच्यावर फिरन?"

"तू सांग."

"इंजिन काढून फेका. मी डिझेल टाकतो जीपचं. एसी बी लागन, चढ बी चढन, सासूरवाडीले अर्ध्या टायमात पोचसान."

"इंजिन राहीन."

"काहून?"

"तिच्या बापाचं हाय."

उस्ताद हसला. "मंग बापालेच सांगा थंड कराले."

यावर कुणीही चिडलं असतं. काकाजींनी त्याला बसवलं, चहा दिला आणि दुसरी अट सांगितली. गाडीच्या पत्र्याला एकही भोक पाडायचं नाही. जे बसवायचं ते जुन्या भोकांत, जुन्या बोल्टांवर, नाहीतर पट्ट्यांनी आवळून. "लेकीले बापानं देल्लेल्या वस्तूले भोक पाडत नसते," ते म्हणाले. अशी रीत मी इतर कुणाकडून कधी ऐकलेली नाही. बहुधा ती त्यांनी त्याच वेळी तयार केली असावी. पण बोलले अशा आवाजात की उस्तादानं वाद घातला नाही. चहा संपवून तो म्हणाला, "काकाजी, तुमी येडे हा. पन मी येईन."

कॉम्प्रेसर त्यांनी आधी इंजिनावरच बसवून पाहिला, पट्ट्यानं फिरेल असा. अंगणात गार हवा आली. उस्तादानं टॉवेल हवेत फिरवला. मग मेडशीच्या रस्त्यावर निघाले आणि पहिल्या चढालाच म्हैस गुडघ्यांवर आली. एसी लावला की इंजिन गुदमरे, एसी बंद केला की ओढे. दोन्ही एकदम तिला झेपेना. वर पोचता पोचता रेडिएटरमधून वाफेचा खांब उठला. काकाजी रस्त्याच्या कडेला, एका बाभळीखाली, गाडीकडे पाहत बसले. मग म्हणाले, "चूक आपली हाय. तिले दोन कामं सांगतले."

थंडीविषयी त्यांचं एक सांगणं होतं, ते मी त्या दिवसांत इतक्यांदा ऐकलं की वर्गात मुलांनाही सांगून बसले. "थंडी बनत नसते, बाई. गरमी काढून घ्या. मंग जे उरते ते थंडी." आता प्रश्न एवढाच होता की ती गरमी काढून घेणारं दुसरं कुणीतरी हवं. ते त्यांना नाल्यावर सापडलं. शेजारच्या शेतकऱ्याचं पाणी ओढायचं छोटं पेट्रोलचं इंजिन, दोघांनी धरून उचलता येईल एवढं, दोरी ओढून सुरू व्हायचं. काकाजी त्याच्यापाशी उकिडवे बसले. शेतकऱ्याला वाटलं, हे पाण्याची चौकशी करायला आले. त्यांनी इंजिनावर हात ठेवून विचारलं, "याले कॉम्प्रेसर ओढवन का?"

तसं एक इंजिन डिकीत बसलं. स्टेपनी ठेवायच्या जागी, स्टेपनीच्याच बोल्टवर. त्यानं कॉम्प्रेसर फिरायचा, त्यानंच पंख्याला करंट मिळायचा, आणि पुढच्या जुन्या इंजिनाला काही माहीतही नसायचं. गार हवा मागच्या सीटच्या पाठीवरून, बसलेल्या माणसाच्या मानेवर उतरे. डॉक्टरांनी काकूंची मान गार ठेवायला सांगितली होती. उस्ताद म्हणाला, "एक इंजिन हाकाले, एक थंडीले. काकाजी, रेल्वेवाले बी एकच लावतात."

उस्ताद शेलूबाजारला परत गेला, पण काकाजींचं काम संपलं नव्हतं. त्यांनी तालमी सुरू केल्या.

तालीम हाच त्यांचा शब्द. ऐन दुपारी, रस्ता पांढरा दिसत असताना, मालेगाव ते मेडशी आणि परत. काकूंच्या जागी मी. माझ्या हातात थर्मामीटर, अंगावर त्यांच्या आग्रहानं शाल, आणि दर वळणाला मी आकडा मोठ्यानं सांगायचा. पुढं ते स्वतः, भर उन्हाळ्यात अंगात लोकरीचा स्वेटर घालून. मी कारण विचारलं तर म्हणाले, "मले गार लागलं तं मी वाऱ्याचं तोंड बंद करीन न. तिची थंडी मी चोरून घेईन. मले लागलीच नाही पायजे." मागचं इंजिन गाडी चालू असेपर्यंत वाऱ्यानं शांत राही, पण गाडी उभी राहिली की तापे. मग त्यांना उतरून, डिकीचं झाकण पुरतं वर करून, ओलं फडकं त्याच्यावर धरत उभं राहावं लागे आणि बोटानं त्याचा वेग सांभाळावा लागे. फडकं हटलं की ते बंद पडे. हे ते दर तालमीला मेडशीच्या तोंडाशी गाडी उभी करून करत. लोक विचारत, "पावने, घरी काहून येत नाही?" "आज नाही," ते सांगत. "आज तिच्याबिना हाय."

या माणसाच्या चिकाटीचं मला तेव्हा हसू येई. सगळं गावच हसे. आज आठवताना मात्र हसू येत नाही. सकाळी शेतावर जाऊन आल्यावर, भर दुपारी, बायकोनं न मागितलेल्या एका दिवसासाठी, तो दिवस कधी येईल हे माहीत नसताना ते रोज तोच रस्ता चालवत होते. इतक्या निष्ठेनं केलेलं काही मी पुस्तकांबाहेर क्वचितच पाहिलं आहे.

तरी आकडा त्यांना हवा तितका खाली येईना. जुन्या गाडीला फटी फार. दारांतून, खिडक्यांतून, पायाखालून ऊन आत येई. तेव्हा त्यांनी जे केलं, ते आपल्याकडच्याच माणसाला सुचलं असतं. तूर भरून ठेवायची कोठी आपण कशी लिंपतो? एक फट ठेवत नाही. आत हवा गेली की किडे पडतात, हवा कोंडली की धान्य वर्षभर टिकतं. काकाजींनी आयुष्यभर कोठ्या लिंपल्या होत्या. त्यांनी घरच्या कापसाच्या वाती केल्या, मेणात बुडवल्या आणि गाडीची एकेक फट तशीच बुजवली. पुढच्या तालमीला आकडा इतका खाली आला की मी शाल घट्ट ओढून घेतली. ते आरशातून पाहत होते, फार खूश होते.

मी पहिल्या वळणाला आकडा सांगितला. दुसऱ्यालाही सांगितला. मग मला झोप आली. डोकं जड झालं, बरं वाटत होतं, बोलायचा कंटाळा आला. काकाजींनी विचारलं, "बाई, किती?" मी ऐकलं, पण उत्तर द्यावंसं वाटलं नाही.

त्यानंतर मला आठवतं ते रस्त्यावरचं तापलेलं डांबर आणि माझ्या तोंडावर पडणारं पाणी. त्यांनी मला ओढून बाहेर काढलं होतं, कडेच्या झाडाखाली निजवलं होतं, आणि स्वतः धडपडत चारही दारं उघडत होते. त्यांच्याही पायांत त्राण नव्हतं. डिकीतल्या इंजिनाचा धूर सीटमागून आत येत होता. आधी तो फटींमधून निघून जात असे. आता जायला वाट नव्हती.

"धान्याले श्वास लागत नाही," ते म्हणाले. मला म्हणत नव्हते. गाडीकडे पाहून म्हणत होते. "मी हे भुललो. धान्याले श्वास लागत नाही."

त्या दिवशी गाडी एकाच इंजिनावर, चारही काचा खाली करून परत आली. त्यांनी ती गोठ्यात लावली, वर ताडपत्री टाकली आणि पुढचे कितीतरी दिवस तिच्याकडे गेले नाहीत. थर्मामीटरांची प्रदक्षिणाही बंद झाली. मला पाहिलं की नजर चुकवत. जेवायला बसले की उठून जात.

शेवटी काकूंनी मला आणि त्यांना खोलीत बोलावलं. सरळ बोलल्या.

"बाईले मारता मारता राह्यले म्हनून गाडी झाकून ठेवली?"

"त्या जागी तू असती," काकाजी म्हणाले. "तुले तं उतरता बी आलं नसतं."

"नसतं आलं. अन् इथं या खोलीत मी काय करून राह्यली? इथं बी मरूनच राह्यली, हळू हळू." मग थोडं हसून म्हणाल्या, "धूर वर जाते एवढं बी तुमाले माईत नाही? ट्रॅक्टरचा कसा जाते?"

दुसऱ्या दिवशी उस्तादाला निरोप गेला.

म्हणून त्या काळ्या, गोल, देखण्या गाडीच्या मागच्या बंपरला, पट्ट्यांनी आवळून, एका भंगारातल्या ट्रॅक्टरचा उभा सायलेन्सर लागला. टपाच्याही वर जाणारा, तोंडावर फडफडणारं झाकण असलेला. सीट आणि डिकी यांच्यामध्ये, गार हवेच्या नळीपुरती जागा सोडून, पत्र्याची अख्खी भिंत आली. मेणाच्या वाती त्यांनी स्वतः एक-एक करून उपटून काढल्या, आणि पुढची एक काच बोटभर उघडी राहील असा लाकडी तुकडा तिच्यात ठोकून बसवला, म्हणजे कुणाला ती बंद करताच येऊ नये. उस्ताद लांब जाऊन उभा राहिला, गाडी नीट न्याहाळली आणि म्हणाला, "काकाजी, आता नांगर लावा."

पुन्हा तालमी झाल्या. मी बसले. काकाजी नको म्हणाले, तरी मी बसले. ते दर मिनिटाला मला बोलायला लावत. काही नाही तर पाढे म्हणा म्हणत. काकूंना मात्र त्यांनी एकदाही उन्हात आत बसवलं नाही. उस्तादानं विचारलं तर म्हणाले, "मले खात्री नाही." कधी होईल? "खात्री होत नसते."

फोन आला तो मे महिन्यातल्या एका सकाळी. मी व्हरांड्यात उत्तरपत्रिका तपासत होते. फोन काकूंच्या भावाचा होता, काकाजींच्या मोबाईलवर. त्याचा आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू आलं.

"भाऊजी, आई गेली. ताईले आत्ताच सांगू नका. ऊन उतरलं की सांगा. आमी जास्त येळ ठेवत नाही, उनाचे दिवस हायत."

"थांबा," काकाजी म्हणाले.

"कोनासाठी थांबू? ताई तं येऊ शकत नाही."

"ती येऊन राह्यली."

फोन ठेवला आणि ते गाडीपाशी गेले. ताडपत्री काढली. मग किल्ली हातात धरून तिथंच उभे राहिले. एवढ्या तालमी केलेला माणूस हलेना. ऊन वाढत होतं. मी जवळ गेले तेव्हा त्यांचे ओठ हलत होते. काच, भिंत, धूर, पाणी, फडकं असं ते पुन्हा पुन्हा मोजत होते.

खोलीचं दार उघडलं. काकू काठी टेकत चौकटीत आल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना कळलं होतं. साडी बदललेली होती, निळी काढून पांढऱ्याकडे झुकणारी. उन्हाची झळ त्यांच्या तोंडावर आली तसे त्यांचे पाय थरथरले.

"अवो," त्या म्हणाल्या, "उचलता का आता?"

काकाजींनी त्यांना उचललं.

वाटेत मी पुढं बसले होते, मांडीवर बर्फाची पेटी आणि पाण्याचा तांब्या घेऊन. मागं दुसरं इंजिन चालू होतं. दर थोड्या वेळानं काकाजी म्हणत, "बोल." आणि काकू म्हणत, "बोलून राह्यली." एवढंच संभाषण. पहिल्या चढाला गाडीचा वेग कमी झाला, इतका की शेजारून सायकलवाला पुढं गेला. पण ती चढली. मध्ये एक शेळ्यांचा कळप आडवा आला. काकाजी थांबले, दार उघडून खाली उतरले, गुराख्याजवळ गेले. मला वाटलं, आज तरी हॉर्न वाजवतील. त्यांनी गुराख्याला काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. त्यानं शेळ्या बाजूला घेतल्या आणि डोक्यावरचा शेला काढून हातात धरला.

माहेरची गल्ली अरुंद. म्हैस तिच्यात मावणार नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. गाडी गल्लीच्या तोंडाशी रस्त्यावर उभी राहिली. तिथून घर दिसत होतं, अंगणातली माणसं दिसत होती, पण काकूंना उन्हातून तेवढं अंतर नेणं शक्य नव्हतं. भाऊ धावत आला. गाडीला टेकून रडायला लागला. "ताई, इथून कसं करतं? घरून एकदा उचलली की मंग नाल्यावरच्या विसाव्यालेच ठेवा लागते. मधात ठेवता येत नाही."

विसावा म्हणजे स्मशानाच्या वाटेवर तिरडी एकदाच खाली टेकवण्याची जागा, जिथं खांदे बदलतात. मेडशीचा विसावा नाल्याच्या दगडापाशी आहे, गावाच्या पलीकडं, आणि तिकडं गाडी जात नाही.

काकूंच्या चुलत्यांपैकी एक वृद्ध गृहस्थ काठी टेकत पुढं आले. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मागच्या सायलेन्सरकडे पाहिलं. तो फडफडत धूर सोडत होता. मग आत पाहिलं.

"विसावा म्हंजे काय," ते म्हणाले, "जानाऱ्या मानसाले थोडं थांबवनं. ते नाल्यावरच थांबते असं कोनं सांगतलं? आज विसावा इथं."

गल्लीतून तिरडी निघाली. गाडी उभी राहिल्याबरोबर काकाजी मागं गेले होते. डिकीचं झाकण वर होतं, आणि ते त्याच्या मागं, ओलं फडकं बदलत, बोटानं इंजिनाचा वेग धरून उभे होते. अंत्ययात्रेत एवढा आवाज करणारं यंत्र मेडशीनं कधी पाहिलं नसेल. कुणी ते बंद करा म्हटलं नाही. मी मागचं दार उघडलं.

परतलो तेव्हा ऊन अजून फाटकावर होतं. काकाजींनी काकूंना खोलीत नेऊन पलंगावर ठेवलं, डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्या अंगानं ओट्यावर येऊन बसले. मी पायरीवर होते. स्वेटर त्यांच्या शेजारी पडला होता. बराच वेळ ते आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे पाहत होते. इंजिनाचा वेग धरायच्या तापलेल्या तारेनं त्याला फोड आला होता.

"बाई," ते म्हणाले, "मी मागं होतो. झाकन वर होतं. मले काहीच नाही दिसलं."

माझ्या लक्षात आलं, खरंच. सगळ्या मेडशीनं पाहिलं होतं, त्यांच्याशिवाय.

मग मी त्यांना सांगितलं. चौघांनी तिरडी सीटच्या उंचीला धरली. काकूंनी हात पुढं केला. तो आजींच्या तोंडापर्यंत पोचला. आजींचं तोंड उन्हानं तापलेलं होतं. काकू भावाला म्हणाल्या, "कशी तापली रे माय. इकडं आन तिले, इथं थंडं हाय." तेव्हा त्यांनी तिरडी दारातून आणखी आत सरकवली आणि आजींचं डोकं गाडीत आलं. काकूंनी ते मांडीवर घेतलं. केस मागं सारले. मी तांब्या दिला, त्यांनी तुळशीच्या पानानं आजींच्या ओठांवर पाणी सोडलं. मग दोन्ही तळवे आईच्या गालांवर ठेवून बसल्या. रडल्या नाहीत. खांदेकरी घामानं निथळत होते, दारातून येणारी गार हवा त्यांच्या तोंडावर येत होती, आणि कुणालाही घाई नव्हती. पुष्कळ वेळानं काकूंनीच सांगितलं, "न्या आता."

"अन् तिचा हात?" काकाजींनी विचारलं. "हात कसा होता तिचा?"

"काकूंचा हात थंड होता," मी म्हटलं. "तांब्या देताना माझ्या बोटांना लागला."

त्यांनी मान खाली घातली. फाटकावरचं ऊन हळूहळू वर सरकलं आणि भिंतीवरून गेलं. आत काकूंच्या खोलीतला एसी संथ चालला होता.

"पुन्हा सांगा," काकाजी म्हणाले.

मी पुन्हा, पहिल्यापासून सांगितलं.